हजारांत आठ

बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला ॲझिथ्रोमायसिनचा 2 ग्रॅमचा एकच डोस तोंडाने दिला, तर तिला होऊ शकणाऱ्या सेप्सिसचा, म्हणजे अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या जंतुसंसर्गाचा, धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. फेब्रुवारी 2023 पूर्वी ही गोष्ट जगात कुणालाही खात्रीने ठाऊक नव्हती. ज्यांच्यामुळे ती कळली त्या 29,278 बायका सात देशांतल्या आहेत: काँगो, केनिया, झांबिया, ग्वाटेमाला, पाकिस्तान, बांगलादेश आणि भारत. भारतातली केंद्रं दोन. एक बेळगावचं, दुसरं नागपूरचं.

नागपूरचं म्हणजे नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, तिथल्या नर्सबाई, आशाताई आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीसुना. काम पाहत होतं नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन, आणि त्याचं जोडीदार होतं अमेरिकेतलं बोस्टन विद्यापीठ. नागपुरातल्या आपल्या हुडकेश्वरात मात्र ‘क्लिनिकल ट्रायल’ हा शब्द काढला की समोरून एकच प्रश्न येतो, “म्हणजे आपल्यावर प्रयोग करतात का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘हो, करतात’ असंच आहे. तो प्रयोग कसा करतात, कोण करतं आणि न करून का भागत नाही, हे मात्र इतकं विलक्षण आहे की ते नीट सांगायला हवं.

आधी त्या आकड्यांकडे पाहू. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यापैकी 1.6 टक्के बायकांना सेप्सिस झाला किंवा त्या दगावल्या. ज्यांना औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण 2.4 टक्के होतं. दगावण्याचं प्रमाण दोन्हीकडे फार थोडं आणि जवळपास सारखंच होतं, फरक पडला तो सेप्सिसमध्ये. म्हणजे हजार बायकांमागे 24 च्या जागी 16. हजारांत आठ.

आता एखाद्या आरोग्य केंद्रातल्या अनुभवी सिस्टर डोळ्यांसमोर आणा. महिन्याला वीस बाळंतपणं धरली तर वर्षाला 240 होतात. हजार बाळंतपणं पाहायला त्यांना चार वर्षं लागतील. त्या चार वर्षांत औषध न देता चोवीस बायका आजारी पडतील, देऊन सोळा. हा फरक त्यांच्या लक्षात येईल? कुणाच्याच येणार नाही. मधल्या काळात पाणी बदललं, डॉक्टर बदलले, एका पावसाळ्यात ताप जास्त आला, एका उन्हाळ्यात कमी. त्यात आठ बायका कुठे विरून गेल्या ते कळायचंही नाही. सिस्टरांचा अनुभव खोटा नसतो, पण असा फरक पाहण्याची ताकद माणसाच्या डोळ्यात नाही. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळंतपणं होतात. तिथे ‘हजारांत आठ’ म्हणजे केवढी मोठी संख्या, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच करून पाहावा. इतका मोठा फरक डोळ्यांसमोर असतो आणि तरी कुणालाच दिसत नाही.

तो दिसावा म्हणून माणसाने जे उपकरण घडवलं त्याचं नाव क्लिनिकल ट्रायल. ते ना काचेचं आहे ना लोखंडाचं. माणसं, चिठ्ठ्या आणि संयम यांचं ते बनलेलं आहे.

इतक्या बायका कशाला लागतात? समजा हजारच बायका घेतल्या, पाचशे इकडे आणि पाचशे तिकडे. वर दिलेल्या प्रमाणाने औषधाशिवाय साधारण 12 आजारी पडतील, औषध घेऊन 8. एकूण वीस. आता एक नाणं वीसदा उडवा. बारा छापे आणि आठ काटे आले तर कुणी चकित होईल का? वीसदा नाणं उडवलं की अशी किंवा याहून विषम विभागणी निम्म्या वेळा येते. म्हणजे 12 विरुद्ध 8 हे औषधाने केलं की नशिबाने, हे सांगताच येणार नाही. आता हेच 29,278 बायकांचं पाहा. एका बाजूला साधारण 350 आजारी, दुसऱ्या बाजूला साधारण 230. नाणं 580 वेळा उडवून 350 छापे आणि 230 काटे यायला हवेत. हा खेळ दहा लाख वेळा मांडला तरी नशिबाने असं एकदा घडेल की नाही याची शंका. प्रमाण तेच, औषध तेच. फक्त माणसं वाढली आणि धुकं हटलं. गणित इतकं साधं आहे, तरी त्यामुळे काँगोतली आणि विदर्भातली बाई एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला एकत्र येतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

नुसती माणसं वाढवूनही भागत नाही. डॉक्टरांनी आपल्या मर्जीने औषध दिलं, तर ते नकळत जास्त आजारी बाईला देतील, किंवा ज्यांचे नातेवाईक चौकशी करतात त्यांना देतील. मग दोन्ही गट मुळातच वेगळे होतात. म्हणून कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही ठरवत नाही. ते चिठ्ठी ठरवते. हल्ली ही चिठ्ठी संगणक काढतो. चिठ्ठीला गरीब-श्रीमंत कळत नाही, वय कळत नाही, रक्तातलं हिमोग्लोबिन कळत नाही. त्यामुळे हजारोंच्या संख्येत ती दोन्ही गट इतके सारखे करून ठेवते की आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी तर दोन्हीकडे समान वाटल्या जातातच, शिवाय अजून कुणाला सुचलेल्याही नाहीत अशा गोष्टीही सारख्याच वाटल्या जातात. जे माहीत नाही त्याचाही बंदोबस्त करणारी दुसरी युक्ती विज्ञानात मला तरी ठाऊक नाही.

ही युक्ती फार जुनी नाही. 1948 साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला; त्या चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने चिठ्ठ्या बंद पाकिटांत घालून दिल्या होत्या. युद्धानंतरचे दिवस, औषध अगदी मोजकं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. रुग्ण होते 107. औषध मिळालेल्या 55 जणांपैकी सहा महिन्यांत 4 गेले, नुसत्या विश्रांतीवर असलेल्या 52 जणांपैकी 14. फरक मोठा होता म्हणून शंभर माणसांत दिसला. सेप्सिसचा फरक बारीक आहे, म्हणून त्याला एकोणतीस हजार लागल्या.

आणखी एक पडदा लागतो. नागपूरच्या त्या बाळंतपणाच्या खोलीत गोळी देणाऱ्या सिस्टरला ती कसली आहे ते ठाऊक नव्हतं. घेणारीला ठाऊक नव्हतं. पुढे सहा आठवड्यांपर्यंत बाळंतिणीची विचारपूस करून ताप आला का, दवाखान्यात न्यावं लागलं का, याची नोंद करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ‘हिला औषध मिळालंय, हिला काही होणार नाही’ असं म्हणून एखादा ताप लिहायचा राहून गेला असता. कुणाला काय मिळालं याची गुपित यादी दूर अमेरिकेत, सगळ्या केंद्रांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेकडे होती. बाळंतिणीजवळच्या कुणालाच काही माहीत नाही, तरी सगळ्यांनी मन लावून काम केलं आणि त्या अज्ञानातूनच ज्ञान निघालं.

मग दुसऱ्या गटाला नुसतीच दिसायला गोळी मिळत होती, हे कुणी पाहत नव्हतं का? पाहत होतं. चाचणीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती मधूनमधून ती गुपित माहिती उघडून पाहते. काम एकच, कुठल्याही गटाचं नुकसान तर होत नाही ना ते बघणं. या चाचणीत खरं तर 34,000 बायका घ्यायच्या होत्या. पण मातांना होणारा फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की समितीच्या शिफारशीवरून नवीन नोंदणी वेळेआधीच थांबवली गेली.

बाळांचं काय झालं, हेही सांगायलाच हवं. पोटात किंवा जन्मानंतर बाळ दगावणं आणि नवजात बाळाला सेप्सिस होणं, हे सगळं एकत्र मोजलं तेव्हा औषधाच्या गटात 10.5 टक्के निघालं, दुसऱ्या गटात 10.3. म्हणजे बाळांना काही फायदा नाही. आशा होती की आईबरोबर बाळही वाचेल, ती फळली नाही. चाचणी करणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल एकाच लेखात, एकाच आवाजात सांगितले. मला या कामाबद्दल जो आदर वाटतो त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

इथवर डोळ्यांना न दिसणारा खरा फायदा झाला. आता उलट बाजू: सगळ्यांना दिसणारा, पण नसलेला फायदा. नागपूरकरांना हे आठवायला कष्ट पडू नयेत. सप्टेंबर 2020 आणि पुन्हा एप्रिल 2021. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर एकच निरोप: अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, पेशंट सिरियस आहे, कोरोनातून बरे झालेल्यांनी पुढे यावं. लोक आलेही. अनोळखी माणसासाठी रक्तपेढीत जाऊन तास-दोन तास सुई टोचून घेणारी तरुण पोरं या शहराने पाहिली. त्यांच्या चांगुलपणाला तोड नाही. आणि प्लाझ्मा दिलेले रुग्ण बरे होऊन घरी येत होते, हेही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

बरे झालेल्यांच्या रक्तातला हा प्लाझ्मा नव्या रुग्णाला उपयोगी पडतो का, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाती घेणारा राज्य सरकारचा प्रकल्प ‘प्लॅटिना’ 29 जून 2020 ला सुरू झाला, आणि त्याची सूत्रं आपल्या मेडिकलकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे होती. हुडकेश्वरहून म्हाळगीनगर, तुकडोजी पुतळा करत आपण ज्या मेडिकल चौकात पोचतो, तिथे. देशपातळीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चिठ्ठ्या काढून चाचणी केली. आजार बळावण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत 19 टक्के आलं, न मिळालेल्यांत 18. मग ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत 11,558 रुग्ण घेतले गेले. अठ्ठावीस दिवसांत प्लाझ्माच्या गटात 24 टक्के दगावले आणि दुसऱ्या गटातही 24 टक्केच.

या आकड्यांपाशी जरा थांबावं असं मला वाटतं. शंभरांतले शहात्तर रुग्ण प्लाझ्मा घेऊन वाचले. त्यांच्या घरच्यांनी हात जोडले, दात्याला दुवा दिला, प्लाझ्माने वाचवलं असं सांगितलं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. फक्त त्यांना दुसरे शंभर दिसत नव्हते, प्लाझ्मा न घेता वाचलेले शहात्तर. माणसाला आपल्या खाटेवरचा रुग्ण दिसतो, ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं’ ते दिसत नाही. चाचणी नेमकं ते दाखवते. मे 2021 मध्ये प्लाझ्मा देशाच्या उपचारपद्धतीतून काढून टाकला गेला. तोवर दुसरी लाट शिखरावर जाऊन आली होती आणि त्या दिवसांत माणसं रात्ररात्र दाते शोधत फिरली होती. चाचणीच्या निकालाची दखल उशिरा घेतल्याची किंमत अशी असते.

त्याच ‘रिकव्हरी’ने 2020 च्या जूनमध्ये दुसरं एक उत्तर दिलं होतं. डेक्सामेथासोन, दिवसाला 6 मिलीग्रॅम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये काही रुपयांत मिळतं. आणि अशा चाचण्यांत विद्यापीठाचा संबंध येतो तो इथेच.

डेक्सामेथासोन, ॲझिथ्रोमायसिन, ॲस्पिरिन ही सगळी जुनी औषधं आहेत. त्यांचं पेटंट कधीच संपलं, कुणीही बनवू शकतं. त्यांचा नवा उपयोग सिद्ध करायला कोट्यवधी खर्च करून कंपनीच्या हाती काय लागणार? कंपनी आपलं नवं औषध बाजारात आणण्यासाठी चाचणी करते. तेही लागतंच, आणि त्याशिवाय नवी औषधं येणार नाहीत. कोरोनाची कोवॅक्सिन लस आली तेव्हा तिच्या पहिल्या टप्प्याचं एक केंद्र आपल्याच रेशीमबागच्या गिल्लूरकर हॉस्पिटलमध्ये होतं. पण ‘स्वस्त, जुनी, सगळ्यांच्या घरातली गोळी आणखी कशाला चालते का’ हा प्रश्न विचारणारा कुणी तरी लागतो, ज्याला विकायचं काही नाही. तो बहुधा विद्यापीठात, वैद्यकीय महाविद्यालयात सापडतो. पैसा सरकार देतं किंवा एखादी धर्मादाय संस्था. ‘रिकव्हरी’ची प्रायोजक म्हणून जबाबदारी ऑक्सफर्ड विद्यापीठाची होती. नागपूरच्या चाचणीत मुख्य पैसा अमेरिकी सरकारच्या माता-बाल आरोग्य संशोधन संस्थेचा होता, आणि प्रत्येक देशातल्या केंद्राची गाठ एकेका विद्यापीठाशी बांधलेली होती: बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफर्सन विद्यापीठाशी, आपली बोस्टनशी.

प्रायोजक म्हणून ज्याचं नाव लागतं त्याचं काम खिशात हात घालण्यापुरतं नसतं. आराखडा कसा आहे, गोळी खरोखर सांगितल्या दर्जाची आहे का, नोंदी खऱ्या आहेत का, कुणाला त्रास झाला तर तो कुणाला आणि किती वेळात कळवला, इजा झालेल्याचा उपचार आणि भरपाई कोण देणार, या सगळ्याला तोच जबाबदार असतो. काही बिनसलं तर दार कुणाचं ठोठावायचं, याचं उत्तर त्या नावात असतं.

नागपूरचं हे काम एका रात्रीत उभं राहिलेलं नाही. लता फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल त्याआधी मेयोत, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, बालरोग विभागात होत्या. श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाते, पोट उडतं, असा न्यूमोनिया झाला की त्या काळी दवाखान्यात भरती करून पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यायची पद्धत होती. दिवसातून अनेकदा सुई. खेड्यातल्या आईला हे परवडायचं कसं? घरची बाकी मुलं, मजुरी, एसटीचं भाडं. तेव्हा आठ देशांतल्या 1,702 मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना तोंडाने ॲमॉक्सिसिलिन. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: उपचार अपुरा पडण्याचं प्रमाण दोन्हीकडे 19 टक्के. सुईइतकंच तोंडाचं औषध चाललं. यात आणि यानंतरच्या चाचण्यांत जे दिसलं त्याच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आपली शिफारस बदलली, आणि अशा मुलांवर तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करता येतात असं सांगितलं. एखाद्या बाळाला सुई टोचावी लागली नाही याचं श्रेय त्याच्या आईला कुणाला द्यावं ते ठाऊक नसतं. त्यातलं थोडं मेयोच्या वॉर्डातल्या मुलांना जातं.

आणि ॲस्पिरिन. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज 81 मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिलं तर बाळ दिवसांआधी होण्याचं प्रमाण घटतं का? सहा देशांतल्या 11,976 बायका, पुन्हा बेळगाव, पुन्हा नागपूर. निकाल 2020 च्या जानेवारीत आला: 37 आठवड्यांआधी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर. इथेही शंभरांत दीड, डोळ्यांना न दिसणारा फरक. (यावरून कुणी घरच्या घरी ॲस्पिरिन किंवा ॲझिथ्रोमायसिन सुरू करू नये. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे डॉक्टरच ठरवतील. प्रतिजैविकं वारेमाप वापरली की जंतू त्यांना जुमानेनासे होतात, ही काळजी ॲझिथ्रोमायसिनच्या बाबतीतही आहेच.)

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, ‘आपल्यावर प्रयोग करतात का’. त्यातली भीती हवेतून आलेली नाही. 2009 साली आंध्र आणि गुजरातेत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. यातल्या काही मुली दगावल्या; ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असा चौकशीचा निष्कर्ष आला, तरी संमतीच्या खेळखंडोब्यावर 2013 साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. मुंबईतही टाटा मेमोरियलने झोपडपट्टीतल्या दीड लाखावर बायकांवर केलेल्या चाचणीने दाखवून दिलं की साध्या व्हिनेगरने केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटतात. मोठं काम आहे ते. पण तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांना इतकी वर्षं ती तपासणी का मिळाली नाही, असा बोचरा सवाल त्याला विचारला गेला. त्या वेळी देशात तशी तपासणी कुणालाच नियमित मिळत नव्हती, हे उत्तर खरं आहे, तरी मला ते पुरेसं वाटत नाही. तपासणी न मिळालेल्या बाईला ‘नाही मिळणार’ हे समजून सांगितलं होतं का आणि तिला ते समजलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यानंतर नियम घट्ट होत गेले. आज 2019 चे नियम लागू आहेत. चाचणी सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात जण, निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे, एक कायदा जाणणारा, एक अगदी सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री. हुडकेश्वरातला एखादा निवृत्त मास्तर त्या सामान्य नागरिकाच्या खुर्चीवर बसू शकतो आणि ‘हे संमतीपत्र मला कळत नाही’ असं म्हणून प्रोफेसरांचा कागद परत पाठवू शकतो. चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, त्यात पायाभूत रक्कम 8 लाख रुपये आहे. आणि भाग घेणाऱ्याला कुठल्याही दिवशी, कारण न देता, ‘मला नको’ म्हणून बाहेर पडता येतं. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये.

याच नियमांत ‘शैक्षणिक चाचणी’चा वेगळा प्रकार मान्य केला आहे: आधीच मान्यता असलेल्या औषधाचा नवा उपयोग किंवा नवी मात्रा वैद्यकीय महाविद्यालयाने अभ्यासासाठी तपासून पाहणं, विक्रीचा परवाना मागण्यासाठी नव्हे. त्यासाठी मुख्य भार एथिक्स कमिटीवर असतो. मेडिकल आणि मेयोतले एमडी करणारे निवासी डॉक्टर आपल्या थिसिससाठी अशा चाचण्या करतात. बहुतेक थिसिस साठ-ऐंशी रुग्णांचे असतात, कारण मुदत कमी आणि हाताशी एकच वॉर्ड. साठ रुग्णांत हजारांतले आठ दिसणार नाहीत, हे आता सांगायला नको. ही पोरं रात्रपाळ्या करून मेहनतीने माहिती जमवतात, आणि ती बांधणीच्या पुस्तकात बंद होते. महाराष्ट्रातली सरकारी मेडिकल कॉलेजं नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्या विद्यापीठाने दरवर्षी एकच प्रश्न निवडून दहा-वीस कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना एकाच आराखड्यावर काम करायला लावलं, तर आपल्याच राज्यात हजारो रुग्णांची चाचणी उभी राहील. सर्पदंश, उष्माघात, सिकलसेल हे प्रश्न विदर्भाचे आहेत. बोस्टन ते विचारेलच असं नाही.

भारतात होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे. ती जुलै 2007 मध्ये सुरू झाली आणि जून 2009 पासून नियंत्रणाखालच्या चाचण्यांना तिथे नोंद करणं सक्तीचं झालं. सीटीआरआय हे तिचं नाव. मोबाइलवर उघडता येते, पैसे लागत नाहीत. त्यात शहराचं नाव घालून शोधलं की नागपुरात काय चाललंय ते निघतं: कुठला आजार, कुठलं औषध, किती माणसं, प्रायोजक कोण, एथिक्स कमिटी कुठली. घरात कुणाला चाचणीत येण्याबद्दल विचारलं गेलं, तर हा नोंदणी क्रमांक मागावा. मग विचारावं: चिठ्ठीत मी दुसऱ्या गटात आलो तर मला काय मिळेल? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? निकाल मला कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. नागपूरच्या बायकांनी दिलेलं उत्तर इंग्रजीत, अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. ते जिथून गेलं त्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, ते मराठीत लागायला हवं. माझ्या हाती असतं तर मी ते असं लिहीन:

‘या भागातल्या मातांनी एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. कळा सुरू झाल्यावर निम्म्या जणींना चिठ्ठी काढून ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिला, निम्म्या जणींना तशीच दिसणारी साधी गोळी दिली. कुणाला कुठली मिळाली हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. औषध मिळालेल्यांत दर हजारी 16 माता गंभीर आजारी पडल्या, न मिळालेल्यांत 24. बाळांना औषधाचा फायदा दिसला नाही. तुम्ही भाग घेतला असेल आणि तुम्हाला कुठली गोळी मिळाली हे जाणून घ्यायचं असेल, तर सिस्टरांना विचारा.’